आधी आटे, मग लांबी

सर,

गेल्या मंगळवारी मी मंठ्याला आले होते, तुमच्या दुकानात. आता त्याला दुकान म्हणत नाहीत. काचेचं दार आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि मोटारी भरायच्या दिवसांतला वार्निशचा जो वास भिंतींना कायमचा बसलाय असं मला वाटायचं, तो गेला आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. समोरच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार आहे, आणि फोटोखाली फ्लेक्सवर ठळक अक्षरांत छापलंय : 'आधी आटे, मग लांबी.' त्याखाली तुमचं नाव.

ते वाक्य माझं आहे. तुम्ही ते पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलंत तेव्हा हसला होतात.

तुमच्या मुलानं मला बोलावलं होतं. इन्स्टिट्यूटला पंचवीस वर्षं झाली, कार्यक्रम आहे, स्मरणिका निघते आहे. त्यानं चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. पोरगा गुणी आहे, तुमच्यासारखा नाही. म्हणाला, "ताई, दोनच पानं पाहिजेत. शनिवारपर्यंत दिली तरी चालतील. तुम्हाला काय, तुम्ही रोजच लिहिता."

"कशावर लिहू?"

"पप्पांनी तुम्हाला कसं घडवलं, त्याच्यावर. पप्पा आल्यागेल्याला सांगायचे, ती पेपरात लिहिते ना, ती माझ्या हाताखालची पोरगी हाय म्हणून."

जालन्याच्या पेपरात मी वीस वर्षं काम करते आहे. मजकूर कधी उशिरा दिला नाही, आणि कुणाचा राग कधी मजकुरात उतरू दिला नाही. मी चहा संपवला आणि 'शनिवारी देते' म्हणाले. एसटीत बसल्यावर मात्र ठरवलं की द्यायचं तर हेच द्यायचं. हे पत्र. नाव तुमचं, गाव तुमचं, आणि हार घातलेला फोटो त्यांनीच शेजारच्या पानावर छापायचा.

तर सर, सुरुवातीपासून.

तुम्ही मूळचे मोटारी भरणारे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश ओतायचं. त्या कामात तुमचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, हे मी आजही म्हणेन. पुढे कॉम्प्युटर आले. तुम्ही औरंगाबादेत तीन महिने शिकून आलात, त्याच दुकानात दोन टेबलं टाकलीत आणि एका दिवसात 'सर' झालात. हात मात्र मोटारीचेच राहिले. "जितका आत तितका पक्का," हे तुमचं वाक्य. मोटारीला ते बरोबरच आहे. मोटार थरथरते, बोल्ट लांब आणि घट्ट पाहिजे. तुम्ही कॉम्प्युटरचा स्क्रूसुद्धा मनगटाला घाम येईपर्यंत कसायचात, शेवटी लोखंड 'कुर्र' करायचं, आणि मग तुमचं समाधान व्हायचं. "बोलला. आता न्हाई हलत," म्हणायचात.

उघडलेल्या प्रत्येक मशीनचे स्क्रू श्रीखंडाच्या एका मोठ्या डब्यात जायचे. सगळे एकाच डब्यात. बसवायची वेळ आली की तुम्ही त्यात बोटं घालून ढवळायचात, हाताला लागेल तो स्क्रू घ्यायचात, बसला तर बसला. मी तुमच्याकडे कोर्स केला आणि मग तिथेच कामाला राहिले, तेव्हा वीस वर्षांची होते. पहिलं मशीन एकटीनं जोडून सुरू केलं, त्या दिवशी तुम्ही मला स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर दिलात. पिवळ्या मुठीचा, टोकाला चुंबक असलेला. "जपून वापर. असा मंठ्यात न्हाई मिळायचा." मी तो घरी नेऊन आईला दाखवला. आईनं हळदीकुंकू लावलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याच्यावरही विनोद केला असता.

त्या डब्यात मुख्यतः दोन जातींचे स्क्रू होते, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. दोन्ही हुबेहूब जुळे, जाडीही जवळपास सारखीच. डोळ्यांना फरक दिसत नाही, दांड्यावरच्या आट्यांवरून नख फिरवलं की कळतो. एकाचे आटे मोठे, विरळ. दुसऱ्याचे बारीक, दाट. हार्ड डिस्कला मोठ्या आट्यांचा लागतो, सीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचा. उलटं केलंत तर बारीकवाला हार्ड डिस्कच्या भोकात नुसता डुगडुगतो, आणि मोठ्या आट्यांचा सीडीच्या भोकात दोन फेरे जाऊन अडकतो. तिथे जोर लावला की भोकातले आटे गेले. हे झालं आट्यांचं. पण आटे जुळले म्हणजे झालं, असंही नाही. हार्ड डिस्कच्या कुशीतलं भोक उथळ असतं. त्याच्यामागे लगेच ती सर्किटची हिरवी पट्टी, जिच्यावर तिचा सगळा जीव. आटे बरोबर असलेला पण नको तितका लांब स्क्रू आरामात आत जातो, कुठेच अडत नाही, आणि टोक जाऊन पट्टीला टेकतं. फरक किती? तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. म्हणून मी म्हणायचे, आधी आटे बघायचे, मग लांबी.

मी घरून जुना मिसळणाचा डबा आणला. आईनं नवा घेतला होता, तो पडून होता. सात वाट्या. चार दुपारी बसून मी तुमचा श्रीखंडाचा डबा निवडला, तांदूळ निवडावेत तसा. मोठे आटे आखूड, मोठे आटे लांब, बारीक आटे, पंख्याचे, स्क्रूच्या डोक्याखाली घालायच्या चकत्या म्हणजे वायसर, असं सात वाट्यांत लावलं. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. बाकावर चार गिऱ्हाइकं होती. तुम्ही डबा उचलून त्यांना दाखवलात.

"हे बघा, आमच्या बाईनं काय मांडलं! काय गं, स्क्रूला फोडणी देऊन राह्यली का?"

बाकावरचा एक म्हणाला, "सर, जिऱ्याची वाटी कोणती?"

"तिलाच इचारा. दुपारी जेवायलाच थांबा आता."

सगळे हसले. मी म्हणाले, "सर, वेगळे ठेवले तर जल्दी सापडतात." तुम्ही एक एक वाटी उचललीत आणि सगळ्या श्रीखंडाच्या डब्यात उलट्या केल्यात. सातही. मग रिकामा डबा माझ्या हातात दिलात. "घरी ने. माय शोधत असंल."

मी तो नेला नाही. मागच्या खोलीत, जिथे आपण जेवायचो, तिथल्या टेबलावर ठेवला.

फोटोवाले मामा आले ते त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या मशीनमधली हार्ड डिस्क तिच्या लोखंडी खणात सैल झाली होती, घरघर वाजत होती. चार स्क्रूंचं काम. त्या डिस्कवर त्यांचा सबंध लग्नसराईचा माल होता. कॅमेऱ्याची कार्ड दोनच, रोज रिकामी करायची, म्हणजे फोटो दुसरीकडे कुठे नाहीत. मामा म्हणाले, "चारला येतो. घाई न्हाई, पण बराबर करा."

त्या ढिगाऱ्यातून मी पुन्हा शोधायला बसले. मोठ्या आट्यांचे आखूड दोन सापडले, ते लावले. आणखी दोन हवे होते. एक वाजला. तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. "चार स्क्रूला एवढा येळ? जा, जेवून घे. मी लावतो."

मी उठून मागच्या खोलीत गेले. उरलेले दोन तुम्ही लावलेत. लांबवाले. मनगटाला घाम येईपर्यंत. मशीन सुरू केलंत आणि दुकानात मुरलेल्या वार्निशच्या वासात जळल्याचा वास कुणाला आलाही नाही. डिस्क गप्प झाली. तुम्ही खणासकट ती बाहेर काढलीत, कारण खणातून ती सुटतच नव्हती. तुम्ही कसलेले ते दोन स्क्रू परत फिरायला तयार नव्हते.

चार वाजता मामा आले. बाकावर पुन्हा माणसं होती. बाकावर माणसं नसताना तुम्ही कधी कुणाला काही बोललाच नाहीत, सर. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

"हिनं लावली. किती सांगितलं, हात हलका ठेव म्हणून. पोरीच्या जातीला आटे कळत न्हाईत."

"हात हलका ठेव!" हे तुम्ही म्हणालात. तुम्ही. मी म्हणाले, "मी जेवत होते."

"जेवत होती, तर मंग मशीन कोणी जोडलं? भुतानं?"

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते नुसते त्या लोखंडी खणाकडे बघत होते. तुम्ही मला म्हणालात, "उद्यापासून येऊ नको." हा निकाल गिऱ्हाइकासमोर द्यायचा, म्हणजे गिऱ्हाईक टिकतं. धंद्याचं तुम्हाला बरोबर कळायचं.

आता पुढचं तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. मार्केट यार्डाच्या रस्त्याला मी एक गाळा बघून ठेवला होता. माझ्या नावाची पाटी, खाली 'येथे कॉम्प्युटर दुरुस्त होतील.' मालक तयार होता. त्या आठवड्यात त्यानं निरोप पाठवला, "पोरगी चांगली हाय, पण लोकं मशीन देणार न्हाईत." दोन ठिकाणी काम मागायला गेले. दोन्ही ठिकाणी तेच. "ती फोटोवाल्याची डिस्क तूच जाळली ना?" एक तर म्हणाला, "हिशोब लिही पाहिजे तर, स्क्रूला हात लावू नको." अख्ख्या गावात मी स्क्रूला हात लावू नये अशी मुलगी झाले. जालन्याला पेपरच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायला माणूस हवा होता. तिथे मंठ्याची बातमी पोचली नव्हती, म्हणून लागले. पुढे कुणी रजेवर गेलं, मुद्रितं तपासायला बसवलं, आणि मग मी लिहीतच गेले. लोकांना वाटतं मला लिहायचंच होतं. मला मशीन उघडायची होती, सर. मी अजूनही घरातलं प्रत्येक मशीन स्वतः उघडते, तुमच्याच पिवळ्या स्क्रू ड्रायव्हरनं.

चार-पाच वर्षांनी मामा कसलीशी जाहिरात द्यायला कचेरीत आले. मला ओळखलं, पावती घेतली आणि गेले. पुढच्या खेपेला पिशवीतून तो लोखंडी खण काढून माझ्या टेबलावर ठेवला. डिस्क आतच. "कधी तरी फोटो निघतील म्हणून ठेवली होती. खणासकटच पुण्याला पाठवून बघितली, न्हाई निघाले. तुझी चूक तुझ्यापाशी ठेव." मग उभ्याउभ्याच सांगितलं. शेवग्याच्या झाडापाशी राहणाऱ्या एका बाईनं स्टुडिओत चार चकरा मारल्या होत्या. तिच्या लग्नानंतर पंधरा दिवसांत तिची माय गेली. मायचा जन्मातला एकच फोटो, मुलीच्या लग्नात काढलेला. तो त्या डिस्कवर होता. "चौथ्या वेळी ती आली," मामा म्हणाले. "नुसती स्टुडिओत बसली आणि गेली."

ते गेल्यावर मी खण उलटा केला. खालून सगळं दिसतं. दोन स्क्रूंची टोकं हिरव्या पट्टीला भिडलेली, आणि एकाजवळ तिळाएवढा काळा डाग. बाकीचे दोन, माझे, आखूड, जागच्या जागी. मामा आपल्याबरोबर तुमचा गुन्हा इतकी वर्षं सांभाळत होते आणि त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही इतके कसून घट्ट केले होते की पुरावा कधी निसटूच शकला नाही. ह्याची मला त्या दिवशी इतकी गंमत वाटली की मी एकटीच हसले. तुम्ही तेव्हा जिवंत होतात. मी तो खण घेऊन मंठ्याला यायला हवं होतं, बाकावर माणसं बसलेली असताना. आज यायचं, उद्या यायचं, दिवाळीनंतर यायचं, असं करत राहिले, आणि तुम्ही मेलात. मरणातसुद्धा तुम्ही माझ्यावर मात केलीत, असं मी तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी पानात लावताना म्हणाले. बातमीत काही कमी-जास्त केलं नाही. 'मनमिळाऊ' हा शब्द मात्र काढला. जागा कमी होती.

आणि आता हे 'आधी आटे, मग लांबी.' चूक माझ्या नावावर आणि पद्धत तुमच्या नावावर. मंगळवारी तुमच्या मुलानं मोठ्या कौतुकानं भिंत दाखवली. छोटे छोटे कप्पे, प्रत्येकावर चिठ्ठी, मोठे आटे आखूड, मोठे आटे लांब, बारीक आटे. "पप्पांची पद्धत. पोरं पहिले आठ दिवस नुसते स्क्रू निवडतात. चुकीचा स्क्रू लावला की पप्पा लय चिडायचे." मी विचारलं, "पप्पांनी हे कधी सुरू केलं?" तो म्हणाला, "मी शाळेत होतो. आधी पप्पांकडं एकच डबा होता. दाखवतो ना."

त्यानं कपाटातून आणला तो श्रीखंडाचा नव्हता. तो माझा मिसळणाचा डबा होता. सात वाट्या, आतून कागद लावून तुमच्या अक्षरात चिठ्ठ्या. तुमचा तो मोडका 'ट' मी कुठेही ओळखेन. म्हणजे मी गेल्यावर तुम्ही पुन्हा बसून निवडलेत. चार दुपारी लागल्या असतील तुम्हालाही. मधल्या वाटीत दोनच जाड वायसर होते. मी उचलायला गेले तर मुलगा पटकन म्हणाला, "ते राहू द्या ताई. ते दोन पप्पा कुणाला वापरू द्यायचे न्हाईत. काय होतं त्यांचं त्यांनाच माहीत."

मी शुक्रवारी सबंध दुपार हे पत्र इथपर्यंत लिहिलं. चांगलं उतरलं आहे. मंठ्यात ज्यांनी वाचायला हवं ते सगळे वाचतील, फोटोवाले मामाही, ते अजून आहेत. पण मी वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासते. एखाद्या वाक्यावर हात अडतो, पुन्हा मागे जावं लागतं, तेव्हा तिथे काही तरी वगळलेलं असतं. वर मी लिहिलंय, 'मी उठून मागच्या खोलीत गेले.' माझा हात तिथे अडतो.

म्हणून शनिवारी सकाळीच तुमच्या मुलाला दुसराच मजकूर पाठवला, वेळेच्या आधी. दोन पानं, मथळा 'हार्ड डिस्कला कोणता स्क्रू लावावा'. त्यात तुमचं नाव एकदाही नाही, 'मनमिळाऊ' तर नाहीच. नखानं आटे कसे ओळखावेत, भोकाची खोली काडीनं कशी मोजावी, हात कुठे थांबवावा, लोखंड बोलेपर्यंत का कसू नये, सगळं सोप्या भाषेत. सोबत त्या खणाचा खालून काढलेला फोटो, तिळाएवढा डाग स्पष्ट दिसेल असा. फोटोखाली ओळ दिली आहे : 'जितका आत तितका पक्का, असे समजून कसलेले दोन स्क्रू.' तुमचं वाक्य बाकावरच्या सगळ्यांना पाठ होतं. तुमच्या हाराच्या फोटोसमोरच्याच पानावर छापा, एवढी एकच विनंती केली. मुलानं लगेच कळवलं, "छान ताई, पोरांना उपयोगी पडेल." पडेल. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

हे पत्र मात्र त्या खणाबरोबर कपाटात राहील. कारण ते छापायचं तर हेही छापावं लागेल.

ते दोन लांब स्क्रू डब्यातून तुम्ही काढले नाहीत. मीच काढले होते. आखूड मिळत नव्हते, म्हणून लांबवाले घेऊन डोक्याखाली एकेक जाड वायसर घालायचा असं ठरवलं होतं. तेवढ्यानं अर्ध्या तांदळाचं अंतर भरून निघतं. स्क्रू टेबलावर मांडले होते, वायसर माझ्या मुठीत होते. तेवढ्यात तुम्ही मला उठवलंत. मागच्या खोलीचं दार उघडंच असायचं. मी जेवणाचा डबा सोडला, भाकरी मोडली आणि समोर तुम्ही पहिला स्क्रू उचललात. मी फेरे मोजत होते. 'सर, वायसर' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. तुम्ही सकाळी वाट्या उलट्या केल्या होत्यात. मला वाटलं, लावू दे, बाकावरच्या लोकांसमोर एकदा ह्याचीही फजिती होऊ दे. त्या बाईची माय त्या डिस्कवर आहे हे मला माहीत नव्हतं. पण मामांची लग्नं त्यावर आहेत हे माहीत होतं.

जेवून उठताना ते दोन वायसर मी मिसळणाच्या रिकाम्या डब्याच्या मधल्या वाटीत टाकले. ते तुम्हाला सापडले, आणि तुम्ही कुणाला वापरू दिले नाहीत.

दुसरा स्क्रू कसताना तुम्ही एकदा थांबला होतात, सर. मनगट झटकलं होतंत. माझ्या तोंडात घास होता, पण बोलता आलं असतं.